पाचवे नाव

अंगठा यंत्राला पटत नव्हता. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात, काचेच्या टेबलापलीकडे बसलेल्या बाईंनी तीन वेळा तो ठेवायला सांगितला, तीन वेळा मी ठेवला, आणि तिन्ही वेळा पडद्यावर तांबडी चौकट उमटली. माझे ठसे जुळत नाहीत, ते आधार केंद्रावर नव्याने द्यावेत, असे बँकेने कळवले होते. म्हणून माझी कन्या ज्ञानदा दुपारी कामावर जाताना मला येथे सोडून गेली होती. पुष्कळ वर्षे खडू धरणाऱ्या हाताच्या रेषा पुसट होतात, असे मागे कुणीतरी म्हणाले होते आणि तेव्हा मला त्यात एक प्रकारचा गौरव वाटला होता. रांगेतल्या लोकांसमोर तो गौरव आता काही कामाचा नव्हता. एवढ्यात बाईंनी ओल्या फडक्याने माझा अंगठा पुसला, स्वतःच्या दोन बोटांत धरला आणि काचेवर हलकेच टेकवला. "सैल सोडा. तुम्ही स्वतः दाबू नका, दाबलं की ठसा फिसकटतो," त्या म्हणाल्या. चौकट हिरवी झाली. पण माझे लक्ष चौकटीकडे नव्हते. तो आवाज मी ओळखत होतो. चेहरा नव्हे, चेहऱ्यावर चष्मा होता, डोळ्यांखाली थकवा होता, असे चेहरे प्रत्येक कार्यालयात असतात. आवाज मात्र एकच होता. प्रत्येक अक्षराला त्याची जागा देणारा, घाई न करणारा, शब्द संपल्यावरही क्षणभर हवेत थांबणारा. मी मान वर केली, आणि त्या बाईंनी हसून बोली बदलली.

"ओळखलं न्हाई न्हवं, सर? म्या संयोगिता. लालासाहेब घार्ग्यांची. औंधाकडची."

मी ओळखले होते, आणि म्हणूनच मला उठून जावेसे वाटले. ही गोष्ट मी येथे जशी आहे तशी लिहितो. एखादी जुनी विद्यार्थिनी भेटल्यावर शिक्षकाला जो आनंद व्हायला हवा, तो मला झाला नाही. औंधच्या अलीकडे, जेथून यमाईचा डोंगर वर्गाच्या खिडकीत पूर्ण मावत असे, तेथील विद्यालयात मी चौतीस वर्षे संस्कृत शिकवले. शेकडो मुले हातांखालून गेली, त्यांतील बहुतेकांची नावे मी विसरलो, आणि त्याबद्दल मला खंत नाही. ही एक मात्र विसरावी म्हणून मी प्रयत्न केला होता. निवृत्तीनंतर सांगलीला कन्येकडे राहायला आलो, तेव्हा त्या परिसरातून दूर आल्याचे जे बरे वाटले, त्याचे कारण मी ज्ञानदाला हवामान असे सांगितले होते.

"कवा आला सांगलीला? आनि काकू?" तिने विचारले. माझी पत्नी गोदावरी चार वर्षांपूर्वी गेली, हे मी सांगितले. तिने हात जोडले, आणि जोडलेले हात सोडवता सोडवता यंत्राची तार सरळ केली. माझी तर्जनी, माझी मधली बोटे ती एकामागून एक काचेवर ठेवत होती आणि तेवढ्या वेळात तिचे सारे आयुष्य मला समजले, कारण ते थोडक्यात सांगण्याची तिला सवय झाली होती. अध्यापक पदविका झाली. लगेच लग्न झाले. पती कृष्णात कुपवाडच्या एका कारखान्यात आहेत. भरतीची परीक्षा झाली तेव्हा मुलगी पोटात होती, सातवा महिना होता, जाता आले नाही. "म्हटलं फुडल्या वर्षी देऊ. तर फुडलं वर्ष आलंच न्हाई, सर. भरतीच थांबली." पुढे पात्रता परीक्षा आली. ती दोनदा दिली. एकदा तीन गुणांनी राहिली. एका शाळेत तासिकेवर होती, ती शाळाही पटाअभावी मिटली. आता चुलतदिराच्या या दुकानात बसते, लोकांचे अर्ज भरते. हे सारे सांगताना तिच्या स्वरात तक्रार नव्हती. ती असती तर मला आधार झाला असता.

"पर तुमी केलेली पारख खोटी न्हवती हां, सर," ती म्हणाली. "नशीब आडवं आलं. ह्या रांगेतली मानसं बी म्हणत्यात, बाई, तुमी सांगितलं की समजतंय."

पारख हा शब्द तिने उच्चारला आणि मी बोट काचेवर दाबले. यंत्राने पुन्हा तांबडी चौकट दाखवली; तिने ते बोट सैल करून पुन्हा टेकवले आणि शेवटचा ठसा उमटला. आमच्या भागात तशी प्रथा पडून गेली होती. बारावीचा निकाल लागला, की आईबाप मुलाला घेऊन माझ्याकडे येत आणि म्हणत, "सर, ह्याचं एकदा ऐका." मी मुलाला वर्गात शिकवलेला एखादा श्लोक म्हणायला सांगे. डोळे मिटून ऐके. मग एखादा शब्द उच्चारी: वकिली, लष्कर, शेती, अध्यापन. वाणीतून माणसाची प्रकृती कळते, ही माझी प्रामाणिक श्रद्धा होती. माझ्या गुरुजींची होती, आणि मी ती न तपासता स्वीकारली होती. ज्याचा उच्चार शुद्ध त्याची बुद्धी शुद्ध, आणि ज्याची बुद्धी शुद्ध त्याने हाताने काम करू नये, अशा पायऱ्या माझ्या मनात इतक्या घट्ट बसल्या होत्या की त्या पायऱ्या आहेत हेच मला दिसत नसे. आज त्या भागातली किती घरे माझ्या एकेका शब्दावर उभी आहेत आणि किती त्याखाली दबली आहेत, याचा विचार मी सहसा करीत नाही. लोक ऐकत होते, कारण विचारायला दुसरे कोणी नव्हते. शहर कोठे चालले आहे, कोणती कामे वाढत आहेत आणि कोणती सरत आहेत, यातले मला काहीही ठाऊक नव्हते. आणि मला ठाऊक नाही, असे मी एकदाही म्हणालो नाही.

लालासाहेब तिला घेऊन आले तो दिवस उन्हाचा होता. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला तो सरळ पाठीचा माणूस. गावात पाण्याच्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उलगडून नवी गुंडाळायचे दुकान त्याने काढले होते. संयोगिता त्याच्याबरोबर बसे. तिची बोटे तारेने काळवंडलेली असत, वर्गात ती बोटे ओढणीखाली लपवी. "सर," लालासाहेब उभ्यानेच म्हणाले होते, "पोरगी माझ्यापरीस चांगली मोटार भरती. येडी ईजेची लय हौशी हाय. आयटीआयला घालू म्हणतो साताऱ्याला. एकटीच पोरगी असंल वर्गात, पर मी हाय. तुमी एकदा ऐका नि सांगा." मी ऐकले. ती उभी राहिली, तिने हात मागे घेतले आणि म्हणू लागली. त्या लहानशा ओसरीत असा उच्चार मी पूर्वी ऐकला नव्हता, नंतरही नाही. ते ऐकताना मला सुख झाले, हे खरे आहे. माझे डोळे भरून आले, हेही खरे आहे. आणि डोळे मिटलेले असताना माझ्या मनात एक अंक होता, हेही तितकेच खरे आहे.

त्या आठवड्यातच संस्थेचे सचिव बाळासो यांनी आम्हां शिक्षकांना बोलावले होते. संस्थेचे नवे अध्यापक विद्यालय सुरू व्हायचे होते. तेव्हा अशी विद्यालये तालुक्यातालुक्यांत निघत होती. जागा भरल्या नाहीत तर मान्यता टिकणार नव्हती. प्रत्येकाने पाच नावे आणावीत असे ठरले. बैठक संपल्यावर बाळासोंनी मला थांबवले आणि पान लावता लावता म्हणाले, "काय सर, तुमच्या संस्कृतला औंदा पोरं किती? अकरा? अकरा पोरांसाठी तुकडी ठेवायची म्हंजे आमाला वर तोंड द्यावं लागतंय. बगू. पयली पाच नावं तर आणा." त्यात धमकी नव्हती, ते हसत होते. मी घरी आलो आणि रात्रभर तुकडीचाच विचार केला. माझ्या हयातीत त्या शाळेतून संस्कृत जाणार, या विचाराने मी इतका व्याकूळ झालो की त्या व्याकुळतेला मी धर्म समजलो. चार नावे मिळाली होती. ती चार घरे तशीही तिकडेच वळणार होती. पाचव्याची वाट पाहत असताना लालासाहेब दारात आले.

"हिला वाणी आहे, लालासाहेब," मी म्हणालो. "ही तारा गुंडाळायला जन्मलेली नाही. ही शिकवील. अध्यापक विद्यालयात घाला." लालासाहेबांनी क्षणभर मुलीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मी पाहिले नाही. मी जाणूनबुजून खिडकीकडे पाहत होतो. मग त्या माणसाने टाचा जुळवल्या, मला नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमी म्हंता म्हंजे झालं." संध्याकाळी मी पाचवे नाव लिहून दिले. तुकडी टिकली. पुढे नऊ वर्षे, माझ्या निवृत्तीपर्यंत टिकली, आणि मी गेल्यावर बंद झाली.

या घटनेत मी खोटे काय बोललो, हे मी पुष्कळदा शोधले आहे. वाणी होती. ती उत्तम शिकवू शकली असती. भरती थांबेल हे मला कसे कळणार? हा युक्तिवाद मी स्वतःपुढे इतक्या वेळा मांडला आहे की त्याला आता वापरलेल्या वस्तूची झळाळी आली आहे. पण ज्या प्रश्नाला तो भिडत नाही तो प्रश्न साधा आहे. माझ्याजवळ पाच नावे आधीच असती, तर मी काय म्हणालो असतो? मुलीला काय हवे, असे निदान विचारले असते की नाही? मला उत्तर ठाऊक आहे. म्हणूनच मी खिडकीकडे पाहत होतो.

"ऋचा, ए ऋचा, हिकडं ये. हेच ते सर," संयोगिताने हाक मारली. आतल्या संगणकावर बसलेली पंधरा वर्षांची मुलगी खुर्ची सरकवत बाहेर आली; आईचेच डोळे, केस मात्र आखूड कापलेले. "तुमच्याच वर्गातला शब्द, सर. तिथनंच नाव ठेवलं," संयोगिता म्हणाली. मुलीची दहावी झाली होती. अभियांत्रिकी पदविकेच्या अर्जाची मुदत त्या दिवशी पाच वाजता संपत होती, आणि दुसऱ्यांचे दोनशे अर्ज भरून देणाऱ्या या दोघींचा स्वतःचा अर्ज अजून अर्धा होता. कोणती शाखा आधी लिहायची, हे ठरत नव्हते.

"ठरंल कसं?" ऋचा मला म्हणाली, जणू दोष माझा आहे. "शाळंत मार्गदर्शनाला मानसं आली हुती. एक म्हणला कॉम्प्युटर घ्या. दुसरा म्हणला कॉम्प्युटरवाल्यांचं काम आता मशीनच करतंय, ते सोडून कायबी घ्या. बाबा म्हणत्यात कारखान्यात मानसं कमी करायलेत. मावशीचा जयराज इंजिनेर हून कुरियर वाटतोय. आनि आय म्हणती, सर भेटलं पायजेत."

"भेटले न्हवं?" संयोगिताचा चेहरा उजळला होता. "बगा योग. सर, हिचं एकदा ऐका. माझं ऐकलं हुतं तसं. तुमी सांगाल ते पयल्या नंबरावर टाकतो."

"आये, हितं?" ऋचा हळूच ओरडली. "लोकं बगायल्यात. आनि मला कुठं श्लोक येतोय?"

"कायबी वाच. सरांना आवाज लागतोय नुस्ता."

ऋचाने डोळे फिरवले, अर्जाच्या शेवटी असलेले प्रतिज्ञापत्र उचलले आणि वाचू लागली. उसाची ट्रॉली उतारावरून यावी तसे ते वाचन होते. शब्द एकमेकांवर आदळत होते, विराम चिरडले जात होते, जोडाक्षरे वाटेतच सांडत होती. रांगेतल्या एका फेटेवाल्या गृहस्थांनी मोठ्याने विचारले, "बाई, ह्ये पारायण आटपलं की माझा सातबारा काढचाल न्हवं?" लोक हसले, ऋचाही हसली. संयोगिता हसली नाही. ती माझ्या ओठांकडे पाहत होती. एकोणीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी ज्या डोळ्यांनी पाहिले होते, त्याच डोळ्यांनी ती पाहत होती, आणि मला जाणवले की सवयीने माझे डोळे खरोखर मिटले आहेत; आणि जिभेवर एक शब्द तयारही झाला आहे. कोणता, ते मी सांगणार नाही. तो कोणताही असू शकला असता. तो किती सहज आला, त्याचीच मला भीती वाटली.

"मी सांगू शकत नाही," मी म्हणालो.

"म्हंजे आवाजात काय न्हाई व्हय?" तिचा चेहरा पडला.

"तसे नव्हे. मला ते कळत नाही. तेव्हाही कळत नव्हते." आणि मग, रांगेतल्या लोकांनी ऐकले असेल किंवा नसेल, मी तिला सारे सांगितले. बाळासोंची पाच नावे. अकरा मुलांची तुकडी. चार मिळाली होती, हे. लालासाहेब आयटीआयचे बोलत असताना माझ्या मनात असलेला अंक. वाक्ये मी नीट रचून बोलत होतो, कर्ता, कर्म, क्रियापद. वर्षानुवर्षे ती मनात रचलेली होती आणि बोलताना मला हलके वाटू लागले होते. ते हलके वाटणे मला आज सर्वांत लाजिरवाणे वाटते. मी तिच्याकडे पाहत नव्हतो, या वेळीही नाही.

अगदी हळू, पण प्रत्येक अक्षर वेगळे ठेवून तिने विचारले, "आवाज? आवाज तरी खरा हुता का न्हाई?"

"खरा होता. तसा मी पुन्हा ऐकला नाही."

"मग ह्ये मला कशाला सांगितलंसा?" तिने चष्मा काढला. "दादा जाताना म्हणले, पोरी, तुला मी मोटारीचं दुकान द्याचं हुतं, पर सरांनी तुझी पारख केली. सासरी टोमणं बसलं, बसून खाती, शिकून काय दिवं लावलं. तवा म्या मनात म्हणायची, सरांनी डोळं मिटून ऐकलं हुतं. कुणी तरी एकदा आपलं ऐकलं हुतं. तेवढं एक हुतं, सर, माझ्याजवळ. नोकरी न्हाई तर न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "तुमचं मन मोकळं झालं. म्या आता काय म्हणू सासूला?"

क्षमा मागावी असे वाटले, पण क्षमा मागणे म्हणजे तिच्याकडून आणखी काही घेणे होते. मी इतकी वर्षे समजत होतो की सत्य तिच्यापासून लपवणे हा माझा अपराध आहे; ते सांगून टाकताना मी दुसऱ्यांदा तिच्या हातातले काही माझ्या सोयीसाठी काढून घेत आहे, हे मला बोलून झाल्यावर समजले. पहिल्या वेळी मी तुकडी वाचवली होती. या वेळी स्वतःला. काचेखाली निरनिराळ्या अर्जांच्या मुदतीच्या तारखा लिहिलेला कागद होता. मी तो वाचत राहिलो.

"आये," ऋचा म्हणाली, "चार वाजून गेल्यात. सर्व्हर बसंल." संयोगिताने चष्मा पदराने पुसून पुन्हा घातला आणि पडदा मुलीकडे वळवला. माझ्याकडे तिची पाठ झाली.

"तुला काय पायजे?" तिने विचारले.

मुलगी गोंधळली. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "मला... मला ह्या खुर्चीत न्हाई बसायचं," ती शेवटी म्हणाली. "राग येऊ देऊ नगं. मला भाईर उभं ऱ्हाऊन काम पायजे. कृष्णेवर पूल चाललेला, तवा म्या शाळा सुटल्यावर बगायला जायची. एक बाई हुती तिथं, डोक्यावर पिवळी टोपी. सगळी मानसं तिला इचारायची. ते सिव्हिल असतंय."

"मग ते टाक."

"पर त्यातबी नोकऱ्या हैत का न्हाई कुणाला म्हाईत?"

"कुणालाच न्हाई."

"आनि चुकलं तर?"

संयोगिताची मान अर्धवट वळली, माझ्या दिशेने, जशी घरातली माणसे वीज गेल्यावरही बटणाकडे हात नेतात. ती मध्येच थांबली. परत फिरली.

"चुकलं तर मला बोल," ती मुलीला म्हणाली. "रोज बोल. म्या हाय हितंच."

ऋचाने एकदा आईकडे पाहिले आणि कळ दाबली. पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागले. आम्ही तिघेही ते थांबण्याची वाट पाहत राहिलो. वर्तुळ थांबले. अर्जाचा क्रमांक उमटला. ऋचाने तो तळहातावर लिहून घेतला. फेटेवाले गृहस्थ पुढे सरकले. संयोगिताने छपाईयंत्रातून निघालेली एक पावती फाडून काचेवरून माझ्यापुढे केली. बोलताना तिची बोली पुन्हा स्वच्छ, दुकानातली झाली होती.

"ही जपून ठेवा, आजोबा. नवे ठसे लागायला थोडे दिवस जातील. पुढचे कोण आहेत, या."